अर्धा कोयता

कारखान्याला दाखवायला स्वप्नाली गावोगावच्या स्लाइड्स एका फाइलीत जोडत होती. एका स्लाइडवर एक कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारं एक जोडपं.

जोडल्यावर एक स्लाइड जास्तीची निघाली. तिच्यात स्वप्नालीचा नवरा अंगद एकटाच उभा होता. खाली लिहिलं होतं, ‘अर्धा कोयता’. बायको मेलेल्या गड्याला मुकादम तसंच म्हणायचा.

तिनं ती स्लाइड पुसली.

तेवढ्यात पुढच्या, आई-वडिलांच्या स्लाइडवर तिचे वडील एकटे उरले. आई नव्हती. खाली तेच शब्द.

फोन वाजला. वडील रडत होते. “स्वप्ने, तुझी आय गेली गं. आत्ता बोलत हुती.”

पुसलेलं परत आणायचं बटण बोटाखालीच होतं.

“लई येळ लावतीस,” मागं उभा असलेला मुकादम म्हणाला. “झाली का न्हाई फाइल?”

“झाली,” म्हणत तिनं फाइल सेव्ह केली.