दीड इंच

नवरा चित्रकार, बायको शिंपीण. त्याच्या नव्या चित्रातली माणसाएवढी बाई बघितली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. बाईला हात सहा, मान दोरीसारखी लांब, चेहऱ्याच्या जागी नुसती उघडी खिडकी. पण उभं राहायची ढब ओळखीची वाटत होती.

"कोण हो ही?"

"कुणी नाही गं, कल्पना आहे," म्हणत नवऱ्याने कानांवर हात ठेवले.

तो आंघोळीला गेल्यावर तिने चित्रालाच टेप लावली. सगळं अंग वेडंवाकडं ताणलेलं, त्यात एकच गोष्ट खरी वाटत होती. डावा खांदा उजव्यापेक्षा दीड इंच खाली. असलं कुणी कल्पनेतून काढत नाही! वीस वर्षांच्या मापांच्या वह्या तिने पालथ्या घातल्या. गिऱ्हाइकं झाली, शेजारणी झाल्या, नवऱ्याची मामेबहीणसुद्धा झाली. तसा खांदा कुणाचाच नव्हता. म्हणजे ही भवानी कपडे दुसरीकडे शिवते तर!

नवऱ्याच्या चित्रांच्या प्रदर्शनात त्या बयेला गाठायचंच, असं ठरवून तिने स्वतःसाठी भारीतलं कापड काढलं. आजवर ती आपले कपडे जुन्या कपड्यावरूनच बेतायची. या खेपेला शिवण शिकणारी लेक हट्टाने टेप घेऊन तिच्या पाठीशी उभी राहिली.

"आई, सरळ उभी राहा ना."

"सरळच उभी आहे मी."


"मग डावा खांदा दीड इंच खाली कसा येतोय?"