कुण्या नावानं उठवू?

मनगटावर गुंडाळलेली नावाची चिकटपट्टी नीलम्मानं टर्रकन फाडली आणि सिस्टरच्या ट्रेमध्ये टाकली. पट्टीवर 'मलप्पा' लिहिलं होतं.

"पट्टीबिगर आत घेत न्हाईत," सिस्टर म्हणाली. "आन् टँकर एकच आलाय. दुपारनंतर डॉक्टरला हात धुवायला पाणी न्हाई, म्हंजी ऑपरेशन न्हाई. बघा बरं."

पित्ताच्या खड्यांनी चार महिने तिला गडाबडा लोळवलं होतं. लातूरच्या त्या दवाखान्यात नंबर लागायलाच महिना गेला होता. दुसरं कुणी असतं तर मुकाट्यानं हात पुढं केला असता. ही स्ट्रेचरवर मांडी घालून बसली ती बसलीच.

शेजारी वडील उभे होते. बसलिंगप्पा, उदगीरचे किराणावाले, कपाळावर विभूती. दातओठ खात ते म्हणाले, "पाळण्यात ठिवलेलं नाव हाय. चार लोकांत शोभा करू नको, मलप्पा."

"तुमच्या पाळण्यातून उतरून लई वर्सं झाली, अप्पा."

तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. रात्रीपासून पोटात काही गेलंय का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, त्यांनी विचारलं.

"बाईपणाच्या. तीन वर्सं झाली," नीलम्मानं साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं सांगितलं.

बाईंनी भुवईसुद्धा न हलवता लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "भूल उतरताना मी हाक मारते. पेशंटनं ओ द्यायला हवी. कुण्या नावानं उठवू?"

"नीलम्मा."

नव्या पट्टीवर बाईंनी केसचा नंबर लिहिला, त्याखाली नीलम्मा. बसलिंगप्पांनी तोंड फिरवलं.

ऑपरेशन झालं. बाईंनी हाक मारली, नीलम्मानं ओ दिली आणि बाई पुढच्या पेशंटकडे वळल्या. थोड्या वेळानं सिस्टरनं वडिलांना आत घेतलं. लेकरू डोळे मिटून निपचित पडलेलं.

"मलप्पा," त्यांनी हाक मारली. "ए मलप्पा. बोल की रे."

नीलम्माला सगळं ऐकू येत होतं. आवाज कापतोय हेही कळत होतं, आणि जीव तुटतही होता. तरी ती हलली नाही. सिस्टर सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिली.

बसलिंगप्पांनी तिचे गार पडलेले पाय दोन्ही हातांत धरले. मग अगदी पुटपुटल्यागत म्हणाले, "नीलम्मा... ऊठ गं माय."

डोळे न उघडताच ती म्हणाली, "जरा मोठ्यानं, अप्पा."