चहाच्या रंगाचा हिरा

"हातात घेऊन पाहा ना जी," बंडूजींनी मखमलीची डबी प्रमिलाबाईंपुढे सरकवली. "पाह्यल्यानं झिजत नाई."

प्रमिलाबाईंनी अंगठी उचलली. खडा निळा होता. तळेगावच्या शेतांत पूर्वी जवस फुलायचा, तसा निळा. आता जवस पेरतं कोण?

शेजारी होणाऱ्या विहीणबाई, मंजुषाबाई बसल्या होत्या. भर उन्हात स्कूटी चालवत आल्या होत्या. तोंडावर गुंडाळलेला दुपट्टा त्यांनी सोडला, पण उन्हासाठी घातलेला लांब बाह्यांचा सनकोट अंगात तसाच होता. वर्ध्यातलं हे दुकान चांगलं थंडगार होतं, तरीही.

"मंजुषाताईनंच मागवून ठेवली," बंडूजी म्हणाले. "पण एक गोष्ट आधीच सांगून देतो. मंग म्हणसान बंडूजीनं फसवलं. हिरा अस्सल आहे, जमिनीतूनच निघाला. पण निघाला तवा चहाच्या रंगाचा होता. त्याले किरणं देऊन निळा केला."

"म्हणजे खोटा?" प्रमिलाबाईंनी अंगठी खाली ठेवली.

"हिरा खरा, रंग दिलेला. मुळातलाच निळा पाहिजे असता, तर हे दुकान विकूनही मले आणता आला नसता. अन् दुकानासोबत मले विकलं, तरी नाई."

मंजुषाबाई हसल्या. "उतरते काय हा रंग?"

"वापरून नाई उतरत. सोनाराच्या फुंकणीची आच लागली, तर बदलू शकते. म्हणून दुरुस्तीले देताना सांगा लागते."

"म्हणजे सांगितलं, तर काई अडचण नाई."

"काईच नाई. हां, परत विकाले गेल्यावर जास्त भाव येत नाई. मोडाची वस्तू नाई ही, घालाची आहे. त्याच पैशात पांढरा हिरा घेता, तर बारीक येईन, पण त्याले कोणी नाव ठेवणार नाई."

"तुमाले काय वाटते?" मंजुषाबाईंनी विचारलं.

रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. अंगठी मुलाकडची, पण ती पसंत आहे हे मुलीकडच्या थोरल्या बाईनं म्हणायचं, अशी दोन्ही घरांची रीत. पूर्वी सोनार घरी यायचा, बाया दाराआडून हो-नाही सांगायच्या. रक्षाला आई नव्हती. आत्यानं, प्रमिलाबाईंनीच वाढवली. तिच्या बोटाच्या मापाचा दोरा प्रमिलाबाईंनी पदराच्या टोकाला बांधून आणला होता.

त्या दोऱ्याशी चाळा करत त्या म्हणाल्या, "तुमी म्हणसान तसं."

"मी कोण? घालणार रक्षा. सांगा ना."

प्रमिलाबाईंनी अंगठी परत डबीत ठेवली. ही बाई रंगाचंच का धरून बसली?

रक्षाच्या कोपरावर अन् मानेवर कोड उठलं होतं. सावंगीच्या दवाखान्यात जाऊन जाऊन, उजेडाचे शेक घेऊन कातडीचा रंग परत आला. शोधूनही सापडायचा नाही असा. पण तेवढं सांगितलं, म्हणून आधीची दोन स्थळं उठून गेली होती. एका घरच्यांनी तर चहाचे कप तसेच ठेवले. या वेळी रक्षा म्हणाली होती, "आत्या, सांगून टाकू." प्रमिलाबाईंनी तिचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला होता. "माझी शपथ आहे तुले. तोंडातून शब्द काढशीन तर माझं मेलेलं तोंड पाहशीन."

"बोला ना," मंजुषाबाई हलकेच म्हणाल्या. "मले तर वाटते, हिरा तो हिरा. रंग दिला तर काय झालं? मनात असन ते बोला. मी रागावणार नाई."

हा गळ आहे, प्रमिलाबाईंना वाटलं. आता 'चालते' म्हटलं, की हिला शंका येणार. चालते म्हणणाऱ्याच्याच घरात काहीतरी असतं. त्या ताठ बसल्या.

"आमच्याकडं असं चालत नाई, विहीणबाई. मुळात नाई, ते वरून आणलं म्हणजे फसवणूकच. आज निळा दिसते, उद्याचं कोणी पाह्यलं? डागी वस्तू कितीही रंगवा, डागीच. अशी वस्तू मी घराचा उंबरा ओलांडू देत नाई."

बंडूजी उगाच काच पुसू लागले.

"नक्की?" मंजुषाबाईंनी विचारलं.

"नक्की."

आपलं बोलणं प्रमिलाबाईंना फार आवडलं. इतक्या ठामपणे बोलणाऱ्या बाईच्या घरावर कोण शंका घेईल? त्यांनी पदराची गाठ सोडली अन् दोरा पुढे केला. "तो पांढरा दाखवा, बंडूजी. हे माप."

मंजुषाबाईंनी डबी मिटली.

"राहू द्या, बंडूजी. अंगठी नको. रविवारचं साक्षगंधही नको."

"काऊन?" प्रमिलाबाईंचा आवाज चिरकला. "काय झालं? पांढरा घेऊ ना!"

मंजुषाबाईंनी सनकोटाची चेन खाली ओढली. एक बाही काढली, मग दुसरी. मनगटापासून कोपरापर्यंत हात दुधासारखा पांढरा होता. मध्येमध्ये चहाच्या रंगाचे ठिपके नुकते परतू लागले होते.

"सावंगीले रक्षाच्या बाजूच्याच बाकावर बसत होती मी, दुपट्टा बांधून. तिनं मले कधी ओळखलं नाई. पण तिथंच ठरवलं होतं, सून आणीन तर हीच पोरगी." त्यांनी सनकोटाची घडी घातली. "फक्त वाट पाहत होती, तुमी लपवलं तरी रक्षा स्वतः मले सांगन म्हणून."