रिकामी चौकट

पक्षाघातानं बाबांची वाचा गेली तेव्हा ती डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजचं प्रोजेक्ट बाजूला सारून तिनं त्यांच्यासाठी टॅबलेटवर चौकटी आखून त्यांत छोटी छोटी चित्रं काढली: पाणी, उशी, पंखा, दुखणारी पाठ. बाबा बोट ठेवायचे, त्यांना काय हवंय ते कळायचं. "शिकलीस त्याचं चीज झालं गं," आई म्हणाली. एका दुपारी मात्र बाबांनी रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. "इथे काय काढू, बाबा?" तिनं चष्मा काढला, रेडिओ काढला, जुनं घर, आत्याचा चेहराही काढला. दर चित्राला नकारार्थी मान हलवून बाबा पुन्हा त्याच चौकटीवर बोट आपटायचे. "अहो, तिला कुठून कळणार तुमच्या मनातलं?" आई म्हणाली. मुलीच्या हातातलं पेन थांबलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, टॅबलेट हळूच बाजूला ठेवला आणि ते तिचाच हात थोपटू लागले.