शेवटच्या रांगेतले सहा माग

“चाळीसही माग चालू करा! बँकेची बाई फाटकात आली,” याओ मालक ओरडले.

“सहा मागांवर सूतच नाही, मालक,” श्यूफेन म्हणाली. ती गिरणीची जुनी हिशेबनीस.

“मग रिकामे पळवा! अठरा वर्षं हेच करतोय ना?”

करत होते खरे. दर मार्चात बँकेचा माणूस यायचा, खडखडाट ऐकायचा, चहा प्यायचा आणि वर्षभराचं कर्ज मंजूर करायचा. मागाची किंमत वसूल व्हायला आठ वर्षं, पैसे मात्र बाराव्या महिन्यात परत! मग मालकांनी दहा दिवसांसाठी मेव्हण्यापुढे हात पसरायचा, जुनं कर्ज फेडायचं आणि लगेच नवं उचलायचं. गेल्या मार्चात मेव्हण्याने चार दिवस फोनच उचलला नाही. गिरणी जाते की राहते, अशी वेळ आली होती.

तो मार्च श्यूफेनला पुन्हा नको होता. यंदा पाच वर्षांचं कर्ज घ्यायचं, म्हणजे घ्यायचंच. तिनेच भांडून प्रत्येक मागाला मोजणी यंत्र बसवून घेतलं होतं. कोणता माग चालतो, किती कापड निघतं, सगळं बँकेला बसल्या जागी दिसायचं. मालकांच्या मात्र ते अजून डोक्यात शिरलं नव्हतं.

बँकेच्या रुआनबाई आत आल्या. सगळा कारखाना धडधडत होता. श्यूफेन तडक शेवटच्या रांगेकडे गेली आणि तिने सहा माग एकेक करून बंद केले.

“अगं बये, बुडवलंस!” मालक पुटपुटले.

“हे नोव्हेंबरपासून बंद आहेत, बाई,” श्यूफेन म्हणाली. “बाकीचे चौतीस मात्र एक दिवस थांबलेले नाहीत. त्यांच्या जिवावर पाच वर्षं मागतेय. एक वर्ष देणार असाल, तर चहा घ्या आणि निघा.”

रुआनबाईंनी हातातला फोन तिच्यापुढे धरला. पडद्यावर त्या सहा मागांचे ठिपके नुकतेच विझले होते.

“फाटकात होते तेव्हा हे एकदम पेटले. तिथेच शिफारशीतलं ‘पाच’ खोडून ‘एक’ लिहिलं होतं मी.”

त्यांनी पिशवीतून कागद काढला, तो ‘एक’ खोडला आणि वर ठसठशीत ‘पाच’ लिहून खाली सही केली.

बाई गेल्यावरही मालक त्या बंद मागांपाशीच उभे होते.

“मग पुढच्या मार्चात मी करू काय गं?”

“मेव्हण्यांना फोन करा,” श्यूफेन म्हणाली. “नुसतं जेवायला बोलवा.”