दोन किलो सफरचंदं

रूथने पातेल्यात डाव बुडवला, फुंकर मारून चाखलं आणि मान हलवली. "नाही बाबा. चूक."

ही तिसरी खेप. चिंतामणराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून सुनेचा उद्योग पाहत होते आणि त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बदलापुरात ऑक्टोबरचं ऊन असं तापलेलं, की त्यांच्या बेलवली आळीतली कुत्रीसुद्धा सार्वजनिक नळाखालच्या ओलीत जाऊन पसरलेली. आणि ही अमेरिकेची पोर भर दुपारी दोन किलो सफरचंदं चिरून, शिजवून, फडक्यातून पिळून त्या रसात दालचिनी, लवंगा आणि संत्र्याची साल उकळत होती. वर ते गरमागरम प्यायचं म्हणे!

"हे कशावर घेतात?" त्यांनी सकाळीच विचारून पाहिलं होतं. "सर्दी? खोकला?"

"कशावर नाही. ऑक्टोबर आला, की आमच्याकडे पितात."

चिंतामणरावांनी मान डोलावली होती. न कळलेल्या गोष्टीला मान डोलवायची सवय त्यांना अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं साहेबांपुढे उभं राहून लागली होती.

सफरचंदं त्यांनीच आणली होती. स्टेशनबाहेरच्या गाडीवाल्याने तोलता तोलता विचारलं, "अंकल, घर में कौन बीमार है?" हे "कोणी नाही" म्हणाले, तर त्याने कळवळून एक सफरचंद वर टाकलं. त्याचं तरी काय चुकलं? सफरचंद हे काय सुखासुखी आणायचं फळ आहे? पाव किलो म्हणजे ताप, अर्धा किलो म्हणजे टायफॉइड, किलोभर म्हणजे ऑपरेशन. दोन किलोंचं दुखणं आळीत आजवर कोणाला झालं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या घरात सफरचंद शेवटचं चिरलं ते बायकोसाठी, मालिनीबाईंसाठी, आणि त्या गेल्यावर त्यांनी त्या फळाकडे पाहिलंही नव्हतं. आज आणलं, कारण सुनेने पहिल्यांदाच तोंडाने काहीतरी मागितलं होतं.

आणि त्यांना भीती वाटत होती. पोर गुणी, मराठी मनापासून शिकणारी. पण दोन घास खाऊन पानावरून उठायची आणि पोस्टमनची वेळ झाली, की फाटकाशी जाऊन उभी राहायची. मुलाला, मधूला विचारावं, तर तो शिफ्टला निघता निघता म्हणे, "बाबा, ती ठीक आहे." ही एक दिवस बॅग भरील, मागोमाग मधूही जाईल आणि मग या घरात आपण आणि भिंती. हे कोणाला बोलून दाखवायची सोय नव्हती.

"तुम्ही प्या. सांगा," रूथने कप पुढे केला.

त्यांनी घोट घेतला. काढा म्हणावा तर कडू नाही, सरबत म्हणावं तर गार नाही. काय चुकलंय ते सांगायला मुळात बरोबर काय, ते तरी ठाऊक हवं ना!

"छान आहे की."

"खोटं," रूथ म्हणाली आणि पाटावर बसून पातेल्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. चिंतामणरावांनी आणखी एक घोट घेतला.

तेवढ्यात बाहेरची कडी वाजली. शेजारच्या इंदुबाई पदर सावरत, पाय न वाजवता आत आल्या. मागे त्यांची सून जनी. इंदुबाईंनी पिशवीतून चार सफरचंदं काढून बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर ठेवली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कशी हाय सूनबाय? सकाली तुमची पिशवी बघितली. आता काढ्याचा वास आला. मंग राहवला नाय."

"अहो, कोणी आजारी नाही!"

"बरं, बरं," इंदुबाई म्हणाल्या. लोक घरचं दुखणं लपवतात, हे त्यांना ठाऊक होतं.

समोरचे श्यामकांत अर्धा किलो घेऊन आले. मागच्या चाळीतले हरिचंद्र सपत्नीक आले, ते डझनभर घेऊन. पाच वाजेतो टेबलावर ढीग झाला आणि माणसं आजाऱ्याच्या घरी बसावं तशी खुर्च्यांच्या कडेवर बसून कुजबुजू लागली. चिंतामणरावांनी दोनदा खुलासा केला. श्यामकांतांनी त्यांचा हात हातात घेऊन थोपटला.

कुजबूज ऐकून रूथ स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने माणसं पाहिली, ढीग पाहिला आणि तोंडावर हात ठेवला.

"बाबा! माझ्या गावात असंच! ऑक्टोबरात सगळे शेजारी सफरचंदं आणतात, एकत्र रस काढतात. यांना कोणी सांगितलं?"

ती हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिने इंदुबाईंचे दोन्ही हात धरले, सोडले, आत धावली आणि घरात होते तेवढे कप, पेले, वाट्या भरून आणल्या. मंडळी गोंधळली. रोग्याचं औषध पाहुण्यांनी प्यायचा हा कुठला रिवाज? पण आजाऱ्याचं मन मोडू नये म्हणून सगळ्यांनी मुकाट्याने वाट्या तोंडाला लावल्या. हरिचंद्रांनी तर दुसऱ्यांदा मागून घेतलं. रूथ जनीच्या शेजारी जमिनीवर बसून तिला फुंकर कशी घालायची ते दाखवू लागली.

चिंतामणराव बघत राहिले. सुनेचा असा मोठा आवाज या घराने ऐकलाच नव्हता.

इंदुबाई हळूच त्यांच्याजवळ सरकल्या. "लय दिसांचा हाय का वो दुखना?"

"छे हो," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"आली तेव्हापासून," ते म्हणाले.

"अगो बाय! आन् आमाला सांगितला नाय?"

"मलाच आज कळलं, इंदुबाई."