मिळवलेला तास

आयव्हीनं वाळूत बसून बूट काढले, मोजे काढले आणि सरळ पाण्यात शिरली.

"बाई गं! केवढं गार!" ती ओरडली, पण मागं सरली नाही.

"जुलै आहे म्हणून एवढं तरी," सिरिल म्हणाला. "जानेवारीत ये, मग कळेल."

"येईन की. आणशील?"

सिरिल पिकरिंग हो म्हणाला. नाही म्हणायला त्याला तोंडच नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी याच किनाऱ्यावर आयव्हीचा नवरा नॉर्मन बुडाला होता, आणि तो आपल्यामुळं बुडाला, याबद्दल सिरिलला तिळभर शंका नव्हती.

गोष्ट एवढीशीच होती. भरती-ओहोटीचं छापील पत्रक हिवाळी वेळेत असतं. मार्चमध्ये साऱ्या देशाची घड्याळं उन्हाळ्यापुरती तासभर पुढं जातात, आणि तिथून पुढं पत्रकातल्या वेळेत एक तास मिळवायचा, हे यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. सिरिल दर महिन्याला नॉर्मन धरून चार फिरस्त्या मित्रांसाठी ओहोटीच्या वेळा कार्डावर पेन्सिलीनं उतरवून द्यायचा. तास मिळवला असला, की वर तशी टीप लिहायचा. टीप नसली, की तास ज्यानं त्यानं मिळवायचा.

एप्रिलच्या कार्डात सिरिलनं तास मिळवला होता. नॉर्मननं तो पुन्हा मिळवला. ओहोटी दोनची, त्यानं तीनची धरली. भूशिराला वळसा घालून पलीकडच्या खाडीत गेला, आणि परतायला निघाला तेव्हा वाट पाण्याखाली गेली होती. वर दोनशे फुटांचा उभा कडा.

समाचाराला गेलेल्या सिरिलला ते कार्ड स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर दिसलं होतं. वरची जागा कोरी. टीप लिहिली होती की नाही, हे त्याला काही केल्या आठवेना. आयव्ही त्याच्यासाठी चहा ओतत होती. पुढं चौकशी झाली, अपघात ठरला. कुणी विचारलं नाही, आणि सिरिलनं मिठाची गुळणी धरली.

आता ती पाण्यातून बाहेर आली आणि तिनं बाह्या वर सारल्या. कोपराजवळ जुना डाग होता, इस्त्रीच्या टोकाएवढा.

"हे काय गं?"

"भाजलं होतं." तिनं बाही खाली घेतली. "एकतीस वर्षं टेकडीवर राहिले, सिरिल. खाली एकदासुद्धा आले नाही. नॉर्मन म्हणायचा, घरात वाळू येते."

"शिस्तीचा माणूस," सिरिल म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑक्टोबरात ते कड्यावरच्या वाटेनं गेले. वाऱ्यानं आयव्हीची टोपी उडवून थेट समुद्रात नेली आणि ती पोट धरधरून हसली. मग एकदम थांबली, मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

बिचारी, सिरिलला वाटलं. अजून त्याची वाट बघते.

जानेवारीत बोलल्याप्रमाणं तिनं पाय पाण्यात घातले आणि किंचाळत पळाली. बंद दुकानाच्या आडोशाला बसून दोघांनी कागदातले गरम चिप्स खाल्ले. व्हिनेगर तिनं इतकं ओतलं, की सिरिलला ठसका लागला.

"म्हातारा झालास," ती म्हणाली.

"आणि तू कोवळी!"

ती हसली. मग बोटं पुसत म्हणाली, "दोन घरांत दोन शेगड्या कशाला जाळतोय रे आपण? माझ्याकडे राहायला ये. लोक काय बोलायचं ते बोलतील."

सिरिलची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. एवढं सुख आपल्या ओंजळीत कुणी आपणहून घालेल, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण ज्याला आपण मारला त्याच्याच खुर्चीत जाऊन बसायचं? सांगितलं तर ती तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर तिच्याशेजारी रोज सकाळी खोटं उठायचं.

"वसंतापर्यंत वेळ दे," तो म्हणाला.

तिनं दिला. पुन्हा विचारलंही नाही.

एप्रिलमध्ये, नॉर्मनला वर्ष झालं त्या दिवशी, ती स्वतःहून म्हणाली, खाडीत जाऊ. सिरिलनं वेळा तीनदा तपासल्या. भूशिराला वळसा घालून ते पलीकडे आले, तेव्हा समुद्र लांब गेला होता. आयव्ही एका खडकावर बसली आणि थर्मासचं झाकण उघडू लागली.

"आयव्ही, मला काही सांगायचंय. ऐकल्यावर तू मला हाकललंस तरी चालेल."

तिनं झाकण तसंच धरलं.

त्यानं सगळं सांगितलं. कार्ड, तास, खिळ्यावरची ती कोरी जागा, चौकशीतलं गप्प बसणं. सांगता सांगता त्याला रडू कोसळलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही. "वर्षभर तुझ्याबरोबर हिंडलो, चिप्स खाल्ले, हसलो, आणि पोटात हे घेऊन. मी मारलं गं त्याला. एक ओळ लिहायला विसरलो आणि मारलं."

आयव्हीनं चहा ओतला, पेला त्याच्या हातात दिला आणि त्याची बोटं त्याभोवती नीट मिटवली.

"तू लिहिली होतीस, सिरिल," ती म्हणाली. "मी पुसली."